अरुंधती आणि हायमास्ट

जी गोष्ट नाहीशी झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, ती हरवली असं म्हणता येईल काय? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे असल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं : आरंभीची शिल्लक दाखवा. आरंभीची शिल्लक ठाऊक नसली की अखेरची शिल्लक कितीही निघो, ती बरोबरच असते. जगातले पुष्कळसे सुखी संसार याच तत्त्वावर चालले आहेत.

हा प्रश्न मला पडला तो एका लग्नात. बीड बायपासवरचं मंगल कार्यालय, मे महिना, संध्याकाळचा मुहूर्त. अक्षता पडल्या, पाहुणेमंडळी जेवणाच्या काउंटरकडे धावली, आणि गुरुजींनी आठवणीनं सांगितलं, “वर-वधूंनी अंगणात यावं. अरुंधतीचं दर्शन घ्यायचं आहे.” अंगण म्हणजे लॉन. लॉनच्या चार कोपऱ्यांत चार फ्लडलाइट आणि मधोमध एक फिरता झोतदिवा. आभाळात आपलं काही सांडलंय की काय, ते शोधल्यासारखा तो सारखा वर फिरत होता. गुरुजींनी उत्तरेकडे बोट केलं. नवरदेवानं बोटाकडे पाहिलं. नवरीनं नवरदेवाकडे पाहिलं. फोटोग्राफर म्हणाला, “गुरुजी, बोट तसंच ठेवा, छान येतंय.”

“दिसली का?” गुरुजींनी विचारलं.

“कोण?” नवरदेव म्हणाला.

“दिसली म्हणा,” गुरुजी हळूच म्हणाले. दोघंही एका सुरात “दिसली” म्हणाले. संसारातलं पहिलं खोटं नवरा-बायकोनं मिळून बोलावं, याहून चांगला शकुन कोणता?

मीही वर पाहिलं होतं. मलाही दिसली नव्हती. फरक इतकाच की मी ती लहानपणी पाहिलेली होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्तर्षींच्या शेपटीत जे तीन तारे आहेत, त्यातला मधला वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक बारीक चांदणी असते, ती अरुंधती. पैठणला आमच्या आजोळी माळवदावर बाज टाकून झोपायचो तेव्हा आजी हे सगळं वेगळंच सांगायची. तिच्या मते ते चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवणारे चोर. शास्त्रानं ज्यांना ऋषी ठरवलं त्यांना आजीनं खुशाल चोर ठरवलेलं होतं. पण ऋषी म्हणा, चोर म्हणा, मोजायला सातही जण हजर असत आणि मधल्याच्या शेजारची ती बारीक चांदणी आठवी.

ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, परीक्षेतल्या नंबरासारखं. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा आणि अरुंधती चौथ्या. म्हणजे वसिष्ठाच्या तेजाचा जेमतेम पाचवा हिस्सा तिच्या वाट्याला आलेला. अगदी काळोख्या आभाळात साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं. मोठ्या शहराच्या भरवस्तीत तिसऱ्या-चौथ्या प्रतीशीच गाडी अडते. तेव्हा शहर वाढायला लागलं की ज्या चांदण्या आधी उठून जातात त्यांत अरुंधती आलीच. वसिष्ठ पुष्कळ दिवस टिकून राहतात, एकटे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी लग्नाच्या विधीतच आभाळ मोजायचं साधन घालून ठेवलं होतं. ते साधन आहे याचा पत्ता मात्र त्यांना नव्हता.

जुन्या ग्रंथांत तर असंही म्हटलं आहे की, ज्याला अरुंधती दिसेनाशी झाली त्याचा काळ जवळ आला. या हिशेबानं क्रांती चौकापासून सिडकोपर्यंतची सगळी वस्ती मरणपंथाला लागलेली आहे. विमा कंपन्यांना हे अजून कळलेलं दिसत नाही, आणि कॅनॉटला पाणीपुरी खाणाऱ्यांनाही नाही.

याच अरुंधतीच्या नावानं आपल्याकडे एक ‘न्याय’ प्रसिद्ध आहे. बारीक अरुंधती दाखवायची असली की आधी तिच्याजवळच्या ठळक ताऱ्याकडे बोट करायचं, ‘ती बघ अरुंधती’ असं सांगायचं, आणि नजर तिथं स्थिरावली की ‘ती नव्हे, तिच्या शेजारची’ म्हणून खऱ्या अरुंधतीकडे न्यायचं. ठळकावरून बारकाकडे जायची ही रीत. वेदान्ती मंडळी ब्रह्म समजावून द्यायला हाच दाखला देतात. आता अडचण अशी झाली आहे की ठळक तेवढं शिल्लक आहे. शिष्याचं बोट धरून गुरुजी वसिष्ठापर्यंत येतात आणि पुढचा रस्ता बंद. ब्रह्माचं काय होणार, ते होवो. निदान लग्नाचं तरी काही व्हायला पाहिजे!

घरी आल्यावर मला चैन पडेना. हरवलंय म्हणता, तर किती? आकडा सांगा. कॉमर्सच्या माणसाला आकड्याशिवाय दुःखसुद्धा नीट होत नाही. म्हणून थोडं वाचून काढलं.

आभाळाचा काळोख मोजायचं काम लोक तीन-चार तऱ्हांनी करतात. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी खगोल-निरीक्षकानं २००१ साली नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी काढली. पहिल्या पायरीचं आभाळ इतकं काळं की आकाशगंगेच्या उजेडानं जमिनीवर सावली पडते. नवव्या पायरीवर सावली पडते ती पानाच्या टपरीवरच्या ट्यूबलाइटची. दुसरी तऱ्हा म्हणजे मुठीत मावेल एवढं एक यंत्र. ते आभाळाकडे धरून बटण दाबलं की आकडा येतो. निर्मळ काळोखात बावीसच्या जवळपास, मोठ्या शहरात सतरा-अठरा. इथंही आकडा खाली गेला की आभाळ बिघडलं असं समजायचं. तिसरी तऱ्हा उपग्रहाची, तो वरून बघतो.

आणि चौथी तऱ्हा, जी मला फार आवडली, ती नुसत्या डोळ्यांची. ‘ग्लोब अॅट नाइट’ नावाचा उपक्रम २००६ पासून चालू आहे. चंद्र नसलेल्या रात्री घराबाहेर यायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, ठरलेला तारकासमूह पाहायचा आणि त्यातला बारीकात बारीक कोणता तारा दिसतो ते नकाशाशी ताडून कळवायचं. झालं. यंत्र नको, पदवी नको, फी नको. असल्या ५१,३५१ नोंदी जमा झाल्या. २०११ ते २०२२ या वर्षांतल्या. ख्रिस्तोफर कायबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची बेरीज-वजाबाकी करून २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला : रात्रीचं आभाळ सरासरीनं वर्षाला ९.६ टक्क्यांनी उजळत चाललं आहे.

सामान्य वाचक इथं ‘अरे वा’ म्हणून पान उलटील. मी तसं करू शकत नाही. ९.६ टक्के, तेही चक्रवाढ! अहो, हल्ली इतकं व्याज कुठली बँक देते? चक्रवाढीनं रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते काढायची आमची एक सोपी रीत आहे. बहात्तरला दरानं भागायचं. बहात्तर भागिले ९.६, उत्तर साडेसात. साडेसात वर्षांत दुप्पट! म्हणजे आभाळाला चक्क साडेसाती लागलेली आहे. शनीची साडेसाती साडेसात वर्षांनी उतरते तरी. ही उतरत नाही, हिची मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होतं.

त्याच अभ्यासातला दुसरा हिशेब जास्त बोचरा आहे. ज्या ठिकाणाहून आज अडीचशे तारे दिसतात तिथं एखादं मूल जन्माला आलं, तर ते अठरा वर्षांचं होईपर्यंत तिथून शंभरच्या आसपास उरतील. मतदानाचा हक्क मिळेपर्यंत दीडशे तारे खलास.

मौज म्हणजे उपग्रहाचं म्हणणं निराळं होतं. २०१२ ते २०१६ या वर्षांत पृथ्वीवरचा उजेड वर्षाला दोनेक टक्केच वाढला, असं त्याच्या नोंदींवरून निघालं होतं. आता खरं कुणाचं? तर उपग्रहावरच्या त्या यंत्राला निळसर उजेड दिसतच नाही. जुने पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे बदलायची राष्ट्रीय योजना २०१५ साली सुरू झाली. या पांढऱ्या उजेडातला निळा भाग हवेत सगळ्यांत जास्त विखुरतो आणि आभाळभर पसरतो. शिवाय पाट्यांचा आणि खिडक्यांचा उजेड आडवा जातो, तोही वरून नीट दिसत नाही. हेड ऑफिसच्या इन्स्पेक्टरांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरून पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं, खाली काउंटरवर उभं राहिलं की कळतं.

या अभ्यासात एक उणीव होती. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या होत्या. आपल्या बाजूचा खातेउतारा जवळजवळ कोराच. तसं म्हटलं तर आपल्याकडे आभाळाची खतावणी लिहायची परंपरा आहे. हे शहर ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यात हैदराबादेत १९०१ साली निजामिया वेधशाळा निघाली. सगळ्या आभाळाचे फोटो काढून तारे नोंदवायचं काम जगातल्या वेधशाळांनी वाटून घेतलं होतं, त्यातला एक पट्टा हैदराबादकडे आला आणि तिथं लाखो ताऱ्यांच्या नोंदी झाल्या. पुढं शहर वाढलं. तेव्हा १९६८ च्या सुमारास मोठी दुर्बीण उभारायची वेळ आली, ती शहराबाहेर लांब जपाल-रंगापूरला न्यावी लागली. आम्हां बँकवाल्यांची शाखा वस्ती वाढली की गावात येते. खगोलवाल्यांची शाखा वस्ती वाढली की गावाबाहेर जाते.

आता आमच्या कॉलनीकडे येतो. गेल्या खेपेला निवडणुकीच्या तोंडावर आमच्या चौकात हायमास्ट उभा राहिला. हायमास्ट म्हणजे उंच खांबावर सहा-आठ दिव्यांचा गजरा. त्याच्या उजेडात चौक उजळतो, तिसऱ्या मजल्यावरची आमची निजायची खोली उजळते, गच्चीवरचं वाळवण रात्रीही वाळत राहतं आणि कोंबडे कोणत्याही वेळी आरवतात. एकदा त्याच्या दुरुस्तीला वायरमन आला होता. त्याला म्हटलं, “दादा, या दिव्यांना वरून झाकण लावता येईल का? उजेड सगळा रस्त्यावर पडेल.”

“साहेब,” तो म्हणाला, “लाईट गेली तरी पब्लिकचा फोन, आली तरी पब्लिकचा फोन! वर कामून लावायचं झाकण? वर कोण राहतंय?”

वर कोण राहतंय! मोठमोठे आचार्य ज्या प्रश्नाशी झगडले तो याला खांबावर चढता चढता पडला. मी आपला ‘वसिष्ठ आणि मंडळी’ म्हणणार होतो, पण त्यानं मला फ्लॅट नंबर विचारला असता.

घरात विषय काढला तर सौभाग्यवतींनी हिशेबाचं दुसरं पान उघडलं. “अंधाराचं कौतुक करणारा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो,” ती म्हणाली, “आणि बहुतेक वेळा घरात बसलेला असतो. आपली पोरगी क्लासहून साडेनऊला येते. तुमची अरुंधती तिला सोडायला येणार आहे का?”

या मुद्द्याला उत्तर नाही, आणि असूही नये. काळोख्या गल्लीतून जीव मुठीत धरून चालायचं आणि वर काय सुंदर आकाशगंगा म्हणायचं, हा शौक कुणावर लादता येणार नाही. ज्या वस्तीत आजही रस्त्यावर दिवा नाही, तिथं जाऊन प्रकाशाच्या प्रदूषणावर भाषण करणं म्हणजे उपाशी माणसाला मधुमेहाची पथ्यं सांगणं. पण पोरीला उजेड हवा आहे तो पायाखाली. आभाळात जातो त्या उजेडानं तिच्या वाटेतला एकही खड्डा दिसत नाही. उलट डोळ्यांवर येणाऱ्या झगझगाटानं पलीकडच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसेनासं होतं. वर गेलेल्या उजेडाचं बिल मात्र येतं. हे सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाली, “मग झाकण लावा. नाही कोण म्हणतंय?” आमच्या संसारात एकमताचे प्रसंग थोडे आहेत, त्यात या झाकणाची नोंद झाली.

खरा पेच टाकला तो चिरंजीवांनी. वय पंधरा. “बाबा,” तो म्हणाला, “तुम्ही पाहिली म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. मी पाहिलीच नाही, तर माझं काय गेलं? आणि माझी मुलं तर वसिष्ठही विचारणार नाहीत. म्हणजे आणखी तीस वर्षांनी कुणालाच दुःख नाही. प्रश्न सुटला.”

पोराचं म्हणणं तर्काला धरून होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. प्रत्येक पिढी डोळे उघडते तेव्हा समोर जे दिसतं तीच तिची आरंभीची शिल्लक. बाप गेला की जुनं पासबुक अडगळीत. मग तोटा कधी झालाच नाही. गेल्याचं दुःख ज्याला व्हायचं तोच उरला नाही, तर गेलं ते गेलं असं म्हणायचं का? चार दिवस मी यावर झोपलो नाही. हायमास्टमुळे तशीही झोप नव्हतीच.

उत्तर सापडलं ते माझ्या टेबलावर. आमच्याकडे कित्येक खाती अशी असतात की त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. आजोबांनी कधीतरी पैसे ठेवले, घरात सांगितलं नाही, आणि गेले. नातवाला अशी ठेव आहे याची कल्पनाही नाही. तो सुखात आहे. आता बँक असं म्हणू शकते का, की ज्याला ठाऊकच नाही त्याचं काय गेलं, टाका खिशात? नाही म्हणू शकत. दहा वर्षं कुणी दावा केला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून तशी योजनाच आहे. पण तरीही ती नातवाचीच राहते. तो केव्हाही आला आणि कागद दाखवले की मोजून द्यावी लागते. वारसाला माहीत नाही म्हणून देणेदाराचं देणं फिटत नाही. एवढी साधी नीती जर चार हजार सातशे रुपयांच्या बचत खात्याला लागू आहे, तर ती सबंध आभाळाला का लागू नसावी?

चिरंजीव म्हणाले, “पण ठेव शिल्लक तरी असते. तारे गेले ना!”

इथंच तर या तोट्याची गंमत आहे. तारे कुठंही गेलेले नाहीत. नदी घाण केली तर साफ व्हायला वर्षं जातात, जंगल तोडलं तर उगवायला पिढी जाते. उजेडाचा मळ मात्र दिवा विझवला की त्याच क्षणी निघतो. मुद्दल जसंच्या तसं आहे, फक्त काउंटर बंद आहे. ज्यांनी २००५ नंतरचं भारनियमन अनुभवलं त्यांना याचा पुरावा नको. लाईट गेली की सगळी गल्ली एका सुरात “गेली!” म्हणायची, शिव्या द्यायची, मग गच्चीवर यायची आणि वर पाहायची, कारण पाहण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसायचं.

आणि भारनियमनाशिवायही हे जमतं. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं हे पहिलंच. तिथं आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे दिवे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त दिव्यांनी मान खाली घातली. माणसाप्रमाणे दिव्यालाही थोडा विनय शिकवता येतो, एवढंच त्यातून निघतं.

मी आपला माझ्या पद्धतीनं कामाला लागलो आहे. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले : तारीख, ठिकाण, चंद्र, दिसलेला सर्वांत बारीक तारा, नोंद करणारा, तपासणारा. आमच्या धंद्यात कुठलीही नोंद दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पक्की होत नाही. पहिली नोंद आमच्या गच्चीवरची : ‘चंद्र नाही. वसिष्ठ आहेत. अरुंधती नाही.’ तपासणाऱ्याच्या रकान्यात चिरंजीवांनी कंटाळत सही केली. दुसऱ्या नोंदीसाठी त्याला अमावास्येच्या आसपास म्हैसमाळला घेऊन गेलो. शहराकडच्या बाजूला क्षितिजावर पिवळट-पांढरं भगभगत होतं, पण उत्तरेला काळोख बरा होता. मी बोट केलं. त्यानं आधी वसिष्ठ पाहिला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

“बाबा, शेजारी आहे काहीतरी.”

“काहीतरी नव्हे. नाव लिही.”

त्यानं मोबाइलचा दिवा न लावता, अंधारातच, वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव लिहिलं. मग स्वतःच तारे मोजायला लागला. एकशे चाळीसपर्यंत आला आणि चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, पुन्हा चुकला, आणि चिडून म्हणाला, “इतके कशाला असतात?”

शेरा या रकान्यात मी तेच वाक्य लिहून ठेवलं आहे. खाली दोघांच्या सह्या आहेत.